पहिला हायड्रोजन कोणता निघतो? स्निग्धाम्लांच्या ऑक्सिडीकरणाचा समस्थानिकांनी घ्यायचा माग

पावसाळ्याच्या बेगमीसाठी कोकण किनाऱ्यावर सुकवलेला बांगडा खवट होतो, कारण त्याच्या चरबीतील बहुअसंतृप्त स्निग्धाम्लांचा ऑक्सिजनशी संयोग होतो. हा संयोग नुसत्या हवेने घडतो, की माशाच्या त्वचेतील आणि कल्ल्यांतील लायपॉक्सिजिनेज हे विकर (एन्झाइम) त्याला हातभार लावते, हे खवटपणावरून कळत नाही. रत्नागिरी-दापोलीकडच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हा प्रकल्प घेणाऱ्यांनी थेट माशाच्या अर्कापासून सुरुवात करू नये, कारण त्यातील रक्ताचे लोहही ऑक्सिडीकरणाला गती देते. सोयाबीनचे लायपॉक्सिजिनेज-१ आणि लिनोलेइक आम्ल (अठरा कार्बनांचे बहुअसंतृप्त स्निग्धाम्ल) या जोडीवर आधी हात बसवावा.

लिनोलेइक आम्लातील अकराव्या कार्बनाच्या दोन्ही अंगांना दुहेरी बंध असल्याने त्याच्यावरचे हायड्रोजन सर्वांत सैल असतात. तिथले दोन्ही हायड्रोजन काढून ड्यूटेरियम (हायड्रोजनचेच जड समस्थानिक, ज्याचा बंध अधिक संथपणे तुटतो) बसवलेले आम्ल आणि साधे आम्ल, अशी दोन्ही सारख्या व भरपूर संहतीत, सामू ९ च्या बोरेट बफरमध्ये, वेगवेगळी तपासावीत. तयार होणारे हायड्रोपेरॉक्साइड (आम्लाला ऑक्सिजनचा रेणू जोडून बनणारे उत्पादन) २३४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते. त्यावरून दोन्हींचा दर काढून साध्या आम्लाच्या दराचे ड्यूटेरियमयुक्त आम्लाच्या दराशी गुणोत्तर मांडावे. ताज्या विकरातील लोह फेरस असते आणि उत्पादनामुळे ते फेरिक होऊन कार्यक्षम बनते, त्यामुळे सुरुवातीचा संथ भाग दर म्हणून धरू नये.

बंधाच्या कंपनऊर्जेतील फरक एवढेच कारण असते, तर हे गुणोत्तर सामान्य तापमानाला ७ च्या आसपास थांबले असते. सोयाबीनच्या विकरात ते ८० च्या घरात जाते, म्हणजे हायड्रोजन ऊर्जेचा अडथळा ओलांडून नव्हे, तर टनेलिंगने, म्हणजे पुंज यामिकीनुसार अडथळ्याच्या आरपार जाऊन, पार होतो. मात्र गुणोत्तर १ च्या जवळ आले म्हणून तो बंध तुटतच नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दुसरी एखादी पायरी अधिक संथ असली तरी हेच दिसते. म्हणून तापमान बदलून मोजणी पुन्हा करावी.

खरी फसगत शुद्धतेत आहे. ड्यूटेरियमयुक्त आम्लात साध्या आम्लाची १ टक्का भेसळ असली आणि विकर त्यावर ८० पट वेगाने चालत असले, तर सुरुवातीच्या उत्पादनापैकी सुमारे ४५ टक्के त्या भेसळीतूनच येते आणि ८० चे गुणोत्तर ४५ च्या आसपास दिसते. उपाय सोपा आहे: थोडे विकर घालून साधे आम्ल आधी संपू द्यावे, उरलेले ड्यूटेरियमयुक्त आम्ल वेगळे करावे आणि मगच मोजावे. आम्ल नायट्रोजनखाली, गोठणपेटीत ठेवावे; पावसाळ्यात वीज वारंवार जाते तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

दोनपैकी नेमका कोणता हायड्रोजन निघतो, हे हॅमबर्ग आणि सॅम्युएलसन यांनी १९६७ मध्ये वीस कार्बनांच्या आम्लावर एका बाजूला ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सारी समस्थानिक) बसवून दाखवले. ठरावीक बाजूचे ट्रिटियम उत्पादनातून नाहीसे झालेच, शिवाय न वापरलेल्या आम्लात त्याचे प्रमाण वाढत गेले, आणि त्यावरून हायड्रोजन निघणे ही पहिली पायरी ठरली. एवढ्या साध्या मोजणीतून इतके नेमके उत्तर क्वचितच मिळते.

ऑक्सिजनचा माग घेण्यासाठी साधा ऑक्सिजन आणि दोन्ही अणू ऑक्सिजन-१८ चे असलेला वायू मिसळून द्यावा. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात) हायड्रोपेरॉक्साइडची ३१२ आणि ३१६ ही वस्तुमाने आली आणि ३१४ आले नाही, तर नव्याने जोडलेले ऑक्सिजनचे दोन्ही अणू एकाच ऑक्सिजन रेणूतून आले, असे समजावे. तपासणीपूर्वी हायड्रोपेरॉक्साइडचे क्षपण करून अल्कोहोल बनवू नये, कारण मग दोहोंपैकी एकच अणू उरतो आणि हा प्रश्न विचारताच येत नाही.