नवतपा आणि गोठ्यातला वळू

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक तापाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो. नागपूरकडे पारा ४५ च्या घरात गेला की दुभत्या म्हशीवर आपण दिवसातून दोनदा पाणी मारतो. वळू मात्र निंबाखाली बांधलेला. धडधाकट दिसतो, माजावरच्या गाईवर चढतो, मग त्याची कसली काळजी? काळजी आजची नाही, जुलैची आहे.

वळूचे शुक्राणू घडायला सुमारे ६१ दिवस लागतात, वर पक्व व्हायला आठ-दहा दिवस. वृषण अंगापेक्षा तीन-चार अंश थंड असेल तरच हे काम सुरळीत चालतं. थंडीच्या पहाटे त्याची पिशवी पोटाशी आखडलेली दिसेल, दुपारी तीच सैल होऊन खाली लोंबते. पण वळूचं अंग साडेअडतीस अंशांवर आणि हवा पंचेचाळीसवर, म्हटल्यावर पिशवी लोंबून करणार काय? त्या दिवसांत घडलेल्यांपैकी बरेच शुक्राणू वाकड्या शेपटीचे, बेढब डोक्याचे निघतात आणि वापरात येतात थेट पावसाळ्यात. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की बोल गाईला! मीही एकदा दोन गाईंना महिनाभर औषधं पाजत बसलो होतो, वळूकडे पाहिलंच नाही.

म्हणून आत्ताच वळूला दाट सावलीत घ्या, बाजूंना ओले गोणपाट टांगा, पाणी दिवसभर समोर ठेवा. गाय दाखवायची तर पहाटेच, तीही आठवड्यात दोन-तीनदा. बोकडाचंही तेच, फक्त त्याचा हिशेब दीड महिन्याचा. पावसाळ्यात गाई उलटायला लागल्या तर आधी वळूचं वीर्य तपासून घ्या.

तोवर कृत्रिम रेतन बरं, कारण कांडीतलं, म्हणजे बारीक नळीत भरलेलं, बीज उणे १९६ अंशांवर गोठलेलं असतं, त्याला नवतपा लागत नाही. बाहेर काढल्यावर मात्र लागतो. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, कोरडी पुसायची आणि लगेच वापरायची. पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात. गावाबाहेरच वितळवून खिशात घालून आणलेली कांडी परत पाठवा, संकोच करू नका. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. म्हशीचा उन्हाळी माज मुका असतो, ओरडायची वाट पाहू नका. रात्री उठून एकदा सोट, म्हणजे माजावर गळणारा चिकट स्राव, पाहून या.