आफ्रिकेतल्या राजांचा तक्ता: शाळेच्या प्रदर्शनासाठी

रंगपेटी बाजूला ठेवा, आधी याद्या करा. 'आफ्रिकेत राजे किती?' याला एकच आकडा नाही, म्हणून कागदाचे तीन तुकडे घ्या.

पहिल्यावर तीनच देश: मोरोक्को, लेसोथो, एस्वातिनी. इथे राजा हाच राष्ट्रप्रमुख. पण लेसोथोचा राजा नामधारी आहे, मोरोक्कोत २०११ च्या नव्या घटनेनंतरही सैन्य राजाच्या हाती आहे आणि एस्वातिनीत राजाचा शब्द शेवटचा. तिघांना एकच रंग द्या, छटा मात्र वेगळ्या.

दुसऱ्या यादीत प्रजासत्ताकातले राजे. घोळ होतो तो इथेच. आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं अक्कलकोट संस्थान घ्या: ते १९४८ मध्ये विलीन झालं. वाडा राहिला, कारभार गेला. घानातल्या कुमासीच्या असान्तेहेनेला, म्हणजे असान्ते लोकांच्या राजाला, हा साचा लावू नका. १९९२ च्या घटनेने पारंपरिक राजपदाला हमी दिली आहे. गादीच्या जमिनी आहेत, तंटे दरबारात येतात. फक्त पक्षाच्या राजकारणात उतरायला बंदी. युगांडातल्या बुगांडा राज्याच्या कबाकापुढे (तिथल्या राजापुढे) दोन सालं लिहा: १९६७ ला राज्य रद्द, १९९३ ला गादी परत, तीही सांस्कृतिक स्वरूपाची.

तिसरी यादी संपलेल्या राजवटींची. इजिप्त १९५३, लिबिया १९६९, इथिओपिया १९७५ एवढं पुरे.

आता नकाशा. नवी पेठेतून २२ बाय २८ इंची कार्डशीट आणा आणि १ सेंमी = १५० किमी हे प्रमाण धरा. आफ्रिका साधारण ५३ सेंमी उंच, ४९ रुंद बसते. १२५ किमी धरलं तर पश्चिमेचं टोक कागदाबाहेर जातं. १५० किमीच्या मापात लेसोथो जेमतेम दीड सेंटिमीटरचा ठिपका होतो, तोही दक्षिण आफ्रिकेच्या पोटात. म्हणून लेसोथो आणि एस्वातिनी बाजूच्या चौकटीत मोठे काढा. सोलापूर जिल्हा सुमारे १५ हजार चौरस किमी. एस्वातिनी त्याहून थोडा मोठा, लेसोथो साधारण दुप्पट. शेजारी जिल्ह्याचा आकारही काढला की बघणाऱ्याला अंदाज येतो.

नावांनी फसू नका. ओबाचं (तिथल्या राजाची ही पदवी) बेनिन राज्य आजच्या नायजेरियात आहे. बेनिन नावाचा देश म्हणजे जुना दाहोमे. हे नाव त्याने १९७५ ला घेतलं. प्राचीन घाना साम्राज्यही आजच्या घानात नव्हतं, ते मॉरिटानिया-मालीच्या भागात होतं.

असान्ते वंशावळ काढताना हात आपोआप बाप-मुलगा रेघ ओढतो. ती खोडा. तिथे गादी आईच्या वंशातून जाते: भावाकडे, भाच्याकडे, मावसभावाकडे. नाव राजमाता सुचवते. राजाचा मुलगा त्या नात्याने वारस ठरत नाही.

असान्तेंच्या सोन्याच्या आसनावर राजा बसलेला दाखवू नका. त्यावर कुणीच बसत नाही, असान्तेहेनेसुद्धा नाही. १९०० साली इंग्रज गव्हर्नरने ते बसायला मागितलं आणि एजिसूची राजमाता 'या असान्तेवा' (हे तिचं नाव) लढाईला उभी राहिली. आसन खास आसनासाठीच्याच खुर्चीवर आडवं ठेवलेलं काढा.

किनारीला केंते, म्हणजे असान्तेंचं पट्ट्या जोडून केलेलं कापड, हवं असेल तर रंगीत सुताच्या अरुंद पट्ट्या वेगवेगळ्या विणून शेजारी शिवा. खऱ्या पट्ट्या साधारण चार इंची असतात, तक्त्याला एक इंची पुरतात. आपल्या चादरीसारखं अख्खं रुंद कापड एकदम विणलं, तर नक्षी जुळूनही ते केंते वाटत नाही.