पिल्लाच्या आधी त्याची आई बघा

एका जोडप्यानं त्यांच्या नव्या पिल्लासाठी सकाळची पहिली वेळ घेतली होती. मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. नव्या पिल्लाचं कार्ड भरणं, वजन घेणं, लस टोचताना त्याला धरणं ही माझी कामं. बिट्टूचं कार्ड मी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलं होतं : गोल्डन रिट्रीव्हर, नर, वय नऊ आठवडे. ते आले तेव्हा बाईंच्या हातात निळा पट्टा होता, टोपलीत टॉवेल अंथरलेला होता, आणि पिल्लू नव्हतं. ‘‘काल रात्रीच यायचं होतं. विमानतळावर अडकलंय म्हणतात, अजून एकदा पैसे भरायला सांगतायत. डॉक्टरांना विचाराल का, तापमान राखणारा पिंजरा खरंच सक्तीचा असतो का?’’

तोवर त्यांचे तीनदा पैसे गेले होते. आधी पिल्लाचे, मग प्रवासाच्या विम्याचे, मग पिंजऱ्याचे. प्रत्येक वेळी ‘ही रक्कम परत मिळेल’ असं लेखी आश्वासन होतं. बिट्टू मुळात कुठे नव्हताच.

तेव्हापासून कुणीही पिल्लू घ्यायचं म्हटलं की मी आधी त्यांना समोर बसवते आणि हे सगळं सांगते.

जाहिरातीतला फोटो आवडला की तो पहिल्यांदा गूगल लेन्समध्ये, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधणाऱ्या सोयीत, टाका. तेच पिल्लू दोन-तीन वेगळ्या नावांनी, वेगळ्या गावांच्या जाहिरातींत सापडलं तर विषय तिथेच संपला. काही सापडलं नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. आता एआयनं बनवलेले फोटो कुठेच आधी नसतात. चार फोटो शेजारी ठेवून मागची फरशी, भिंत, गालिचा बघा. ‘आमच्या घरीच जन्मलेत’ म्हणणाऱ्याच्या प्रत्येक फोटोत घर वेगळं दिसत असेल तर ते फोटो गोळा केलेले आहेत.

मग व्हिडिओ कॉल मागा, आणि कॉल चालू असताना काहीतरी करायला लावा. पिल्लाला उचलून पोट दाखवा म्हणावं, ओठ वर करून दात दाखवा म्हणावं. आठ आठवड्यांच्या पिल्लाला सुईसारखे टोकदार दुधाचे दात आलेले असतात. त्यानंतर कॉल न तोडता कॅमेरा आईकडे न्यायला सांगा. ज्याच्याकडे पिल्लू आहे त्याला याला दोन मिनिटं लागतात. ज्याच्याकडे नाही, त्याचा कॅमेरा बिघडलेला असतो, नेटवर्क नसतं, किंवा तो कायम प्रवासात असतो आणि तयार व्हिडिओ पाठवू का म्हणून विचारतो.

आईवर मी इतका जोर का देते ते सांगते. फसवणूक दोन प्रकारची असते. एकीत पिल्लूच नसतं. दुसरीत पिल्लू असतं, पण ते पिंजऱ्यांत कोंबून वेतावर वेत काढणाऱ्या जागेतून आणलेलं असतं आणि एखाद्या घरात आणून ‘घरचं’ म्हणून विकलं जातं. हा दुसरा प्रकार मी जास्त बघते, कारण ती पिल्लं आमच्याकडे सलाईनवर येतात. पार्वो हा पिल्लांना उलट्या-जुलाब लावणारा जीवघेणा विषाणू. त्याची लक्षणं संसर्ग झाल्यावर साधारण आठवडाभरात दिसतात, म्हणजे हातात घेताना पिल्लू टवटवीत असू शकतं. इंग्लंडनं एप्रिल 2020 पासून कायदाच केला की सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू विकण्याचा धंदा करणाऱ्यानं त्याची पैदास स्वतःच केलेली असावी आणि घेणाऱ्याला ते आईसोबत दाखवावं. मधले दलाल दूर करण्याचा तो उपाय होता.

शक्य असेल तर जाऊनच बघा. पेट्रोल पंपावर किंवा पार्किंगमध्ये पिल्लू सोपवतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, तो कितीही गोड बोलो. घरी गेलात की आईच्या सडांकडे बघा. पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत ते ओघळलेले, मोठे दिसतात. पिल्लं तिच्याकडे धावतात का, ती त्यांना जवळ येऊ देते का हे पाहा. शेजाऱ्याकडून उसनी आणलेली कुत्री पिल्लं जवळ आली की बहुधा अंग चोरते किंवा गुरगुरते. गाभणकाळ साधारण 63 दिवसांचा असतो, म्हणून मिलन कधी झालं, जन्म कधी झाला, हे दोन्ही विचारा आणि हिशोब जुळतो का बघा. खऱ्या ब्रीडरला, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला, या तारखा तोंडपाठ असतात, कारण त्या रात्री तो जागलेला असतो.

आता लसीचं कार्ड. हे माझ्या रोजच्या हातातलं आहे, म्हणून सावकाश सांगते. लसीच्या बाटलीवर एक छोटं सोलून निघणारं लेबल असतं. त्यावर लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. लस टोचली की मी ते लेबल सोलून पुस्तिकेत चिकटवते, डॉक्टर त्यावर सही करून शिक्का मारतात, शेजारी तारीख येते. खोट्या कार्डात बहुधा एकाच पेनानं, एकाच दमात लिहिलेल्या चार ओळी असतात आणि लेबलाची जागा रिकामी असते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांनी, पुढचे डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस साधारणपणे बारा आठवड्यांनंतर असते. त्यामुळे ‘सात आठवड्यांचं पिल्लू, रेबीजसकट सगळ्या लसी पूर्ण’ हे वाक्यच खोटं आहे. कार्डावर ज्या डॉक्टरांचं नाव आहे त्यांचा नंबर स्वतः शोधा आणि फोन करा. विक्रेत्यानं दिलेल्या नंबरावर नको, तिकडे त्याचाच जोडीदार बसलेला असू शकतो.

वंशावळीच्या कागदांनाही हाच नियम. नोंदणी करणाऱ्या संस्थेला थेट विचारा : या क्रमांकाची आई तुमच्याकडे आहे का, तिच्या या वेताची नोंद झाली आहे का? विक्रेत्यानं पाठवलेली लिंक उघडून खात्री करू नका. मायक्रोचिप म्हणजे कुत्र्याच्या कातडीखाली टोचलेली ओळखीची बारीक चिप. तिचा क्रमांक बहुतेक ठिकाणी 15 अंकी असतो आणि तो स्कॅनरनंच वाचता येतो. चिपला बॅटरी नसते, ती जागा सांगत नाही. ‘चिपवरून आम्हाला पिल्लू कुठे आहे ते दिसतंय’ असं कुणी म्हणालं तर तो थापा मारतोय. कुणी पिल्लाचंच खुब्याचा सांधा निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र दाखवतो. त्या तपासणीचा अधिकृत एक्स-रे कुत्रा किमान वर्षाचा, काही ठिकाणी दोन वर्षांचा झाल्यावरच धरतात. ते प्रमाणपत्र आईबापाचं मागायचं असतं.

‘दुर्मीळ रंग’ आणि ‘टीकप’ या शब्दांवर पैसे वाढवून मागितले तर थांबा. टीकप म्हणजे अगदी इवलासा कुत्रा, ती मान्यताप्राप्त जात नाही. मर्ल म्हणजे फिक्या अंगावर गडद चट्टे असलेला रंग. दोन मर्ल रंगाच्या कुत्र्यांचं मिलन लावलं तर सरासरी चारातलं एक पिल्लू दुहेरी मर्ल, म्हणजे आईबाप दोघांकडून तो गुण घेतलेलं, निघतं आणि बहिरं किंवा आंधळं असण्याचा धोका त्याला फार असतो. मी असं एक पिल्लू हातात धरलंय. मागून टाळी वाजवली, त्यानं वळूनही पाहिलं नाही.

परदेशातून पिल्लू येणार असेल तर वयाचं गणित घाला. युरोपीय संघात नेताना बाराव्या आठवड्याची रेबीज लस आणि त्यानंतरचे 21 दिवस धरले तर पिल्लू पंधरा आठवड्यांचं होतं. अमेरिकेत 1 ऑगस्ट 2024 पासून सहा महिन्यांच्या आतला कुत्रा आणता येत नाही. इतर देशांचे नियम त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर बघा. ‘नऊ आठवड्यांचं पिल्लू परवा विमानानं’ म्हणणाऱ्याला नियम माहीत नाहीत, कारण त्याला काही पाठवायचंच नाही. ‘मालकाची बदली झाली, पिल्लू फुकट, फक्त कुरिअरचा खर्च द्या’ हाही त्याच घरातला प्रकार.

बोलण्यातूनही पुष्कळ कळतं. चांगला ब्रीडर तुमचीच उलटतपासणी घेतो. घरात दिवसभर कोण असतं, आधी कुत्रा होता का, गावाला गेलात तर कोण सांभाळेल? पिल्लू जमलं नाही तर मलाच परत द्या, असंही सांगतो. भामट्याचा प्रश्न एकच असतो, पैसे कधी पाठवता. ‘अजून दोघं मागे लागलेत, आज अ‍ॅडव्हान्स द्या’ असं ऐकलंत की फोन ठेवा आणि एक रात्र जाऊ द्या. घाईत असताना आणि मुलांनी पिल्लाचं नावही ठरवून टाकलेलं असताना माणूस नीट विचार करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पैसे गिफ्ट कार्डानं, क्रिप्टोनं किंवा अनोळखी तिसऱ्याच नावाच्या खात्यात कधीच पाठवू नका. अ‍ॅडव्हान्स द्यायचाच असेल तर आई बघून झाल्यावर, थोडा, लेखी करारावर, आणि परतीच्या अटी वाचून. उरलेली रक्कम पिल्लू हातात आल्यावर. करारात एवढं लिहून घ्या की दोन-तीन दिवसांत तुमच्या पसंतीच्या डॉक्टरांकडे तपासणी होईल आणि आजार निघाला तर पैसे परत. हे ऐकून जो चिडतो, त्याच्याकडून घेऊ नका.

गेलेच पैसे, तर त्या क्षणी बँकेला फोन करा, सकाळची वाट बघू नका. कार्डानं भरलेले पैसे तक्रार करून परत मिळण्याची थोडी शक्यता असते. गप्पा, पावत्या, खाते क्रमांक, जाहिरात, सगळ्याचे स्क्रीनशॉट आधी काढा आणि मगच त्यांना ब्लॉक करा. ओळखपत्राचा फोटो पाठवला असेल तर तेही पोलिसांना सांगा. आणि घरच्यांपासून लपवू नका. बिट्टूची वाट बघणाऱ्या त्या बाईंनी पहिल्या दोन वेळा नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, तिसरे पैसे त्या गप्प राहण्यातच गेले.

पंधरा दिवसांनी त्यांना एक फोन आला : आम्ही वकील आहोत, तुमचे पैसे सापडलेत, थोडी फी भरा. फसलेल्यांची यादी पुढे विकली जाते, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी एक शब्दही न बोलता फोन ठेवला आणि तो नंबर तक्रारीत जोडला.