घरच्या कॉम्प्युटरला महागडी फास्ट डिस्क लावताय? या चुका टाळा

"सात हजारवाली आहे. फक्त लावून द्या," म्हणत डिस्कचं खोकं काउंटरवर ठेवणारं गिऱ्हाईक महिन्यातून दोन-तीनदा तरी येतंच. नाशिकला अशोक स्तंभाजवळच्या गल्लीत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, आणि पुढचं संभाषण आता मला पाठ झालंय. कुणाची सात हजार म्हणजे सेकंदाला सात हजार एमबी वाचणारी एनव्हीएमई एसएसडी (एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क; एनव्हीएमई हा तिचा वेगवान प्रकार), तर कुणाची मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी तबकडीची हार्ड डिस्क. मी विचारतो, "पण अडतंय नेमकं कुठे?" "सगळंच स्लो आहे हो सर."

इथेच घोडं पेंड खातं.

कुठे अडतंय ते न बघता खरेदी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा, तो तसाच बाजूला ठेवा आणि रोजचं काम करा. डिस्क १०० टक्क्यांवर टेकलीय, पण वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम शेकडो मिलिसेकंदांत (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) दिसतोय, तर डिस्कच अडवतेय. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. मग विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर नेऊन टाकतं आणि लागेल तसं परत आणतं. ४ जीबी रॅमच्या मशीनला भारी डिस्क लावणं म्हणजे ओट्यावर जागा नाही म्हणून माळ्यावर चढायला भारीतली शिडी आणणं. ओटा वाढवा आधी.

दोन्ही आकडे शांत असतील तर डिस्कवर एक रुपयाही घालू नका. मी सांगतो म्हणून गिऱ्हाईक परत गेलेलं मला चालतं. तीच डिस्क दुसरीकडून लावून "फरकच पडला नाही" असं सांगायला तो माझ्याकडेच येतो, ते जास्त त्रासाचं.

खोक्यावरच्या आकड्याला भुलणं

ही चूक मी जीव तोडून सांगतो, कारण ती स्वतः केलीय. २००९ साली घरच्या मशीनला मी १०,००० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांची, हार्ड डिस्क घेतली होती. जागा ३०० जीबी. तेवढ्या पैशांत १ टीबीची साधी डिस्क येऊन घरच्यांना जेवायला नेता आलं असतं. आधी दुकानात सगळ्यांना दाखवून झाली, मग रात्री घरी लावली. चालू केल्यावर असा आवाज, की आई आतून म्हणाली, "गिरणी लावलीस का रे?" घड्याळ लावून बसलो. विंडोज आधी ५० सेकंदांत उघडायचं, आता ३८. दिवसातून एकदा बारा सेकंद, एवढीच काय ती कमाई. एप्रिलमध्ये दुपारी कॅबिनेटवर हात ठेवला तर चटका बसायचा. तरी चार महिने मी सगळ्यांना "फरक जाणवतो" असं सांगत होतो. पैसे घातलेल्याला फरक जाणवतोच.

गणित साधं आहे, त्या वेळी मांडलं असतं तर पैसे वाचले असते. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद जातात. त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ. झाले तेरा. १०,००० आरपीएमला अर्धी फेरी ३ मिलिसेकंदांची होते आणि हेडही थोडा चपळ असतो, म्हणून एकूण सात-आठवर येतं. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फायली इकडून-तिकडून उचलतं, आणि दर वेळी ही सात-आठची वाट बघतं. साध्यातल्या साध्या साटा (जुन्या, हळू जोडणीच्या) एसएसडीला हेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं. तेराचे सात करायला मी दुप्पट-तिप्पट पैसे मोजले, आणि पुढे एसएसडीने तेराचे शून्यावर आणून ठेवले.

म्हणून हार्ड डिस्कवरून पहिल्यांदा एसएसडीवर येताना घातलेला रुपया न् रुपया वसूल होतो. दहा वर्षांचं मशीन त्याने पुन्हा उभं राहिलेलं मी रोज बघतो. त्यापुढची चढाओढ मात्र बहुतेक घरांत दाखवण्यापुरतीच असते. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, चौथ्या पिढीची एनव्हीएमई सात हजार. आकडा तेरापट दिसतो, पण तो मोठी सलग फाइल हलवतानाचा. ब्राउझर, वर्ड, विजेचं बिल, मुलांचा ऑनलाइन क्लास यांत सलग मोठं असं काही नसतंच. तिथे दोन्हींत फरक एखाद-दोन सेकंदांचा. रोज फोर-के व्हिडिओ एडिट करत असाल तर जरूर घ्या, मीच आणून देतो. बाकीच्यांनी मदरबोर्डवर एनव्हीएमईचा स्लॉट असेल तर साधी एनव्हीएमई घ्यावी, नसेल तर साटा, आणि उरलेले पैसे कुठे घालायचे ते पुढे सांगतोच.

बोर्ड न बघता घेणारे तर धन्यच. गाडी कितीही महागाची घ्या, संध्याकाळी सात वाजता द्वारका चौकात ती रिक्षाच्या मागेच उभी राहते. एच६१ या जुन्या चिपसेटच्या बोर्डवर साटाचे सगळे पोर्ट ३ जीबीपीएसचे, म्हणजे ५५०वाली एसएसडी तिथे निम्म्यावरच चालणार. (तरीही लावा. खरा फायदा त्या ०.१ मिलिसेकंदाचा आहे, तो पूर्ण मिळतो.) एच८१ ला दोन पोर्ट ६ जीबीपीएसचे आणि दोन ३ चे, बोर्डवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, टॉर्च लावून वाचा. अशा जुन्या बोर्डात कार्ड घालून एनव्हीएमई बसवली तर विंडोजमध्ये ती दिसते, पण बहुतेकदा तिच्यावरून मशीन बूट होत नाही. आणि लॅपटॉपमध्ये एम.२ खाच (पट्टीसारखी डिस्क बसवायची जागा) दिसली म्हणजे ती एनव्हीएमईचीच असेल असंही नाही. काही खाचा फक्त साटाच्या असतात. मॉडेल नंबर बघून विचारा, मग मागवा.

घाईत केलेलं क्लोनिंग

गेल्या पावसाळ्यात सिडकोतला एक मुलगा आला. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. घरच्या मशीनमध्ये ५०० जीबीची हार्ड डिस्क होती, याने ५०० जीबीचीच एसएसडी मागवली. क्लोनिंगचा, म्हणजे एक डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरवण्याचा, व्हिडिओ बघितला, तोही दीडपट वेगाने. हे त्यानेच सांगितलं. व्हिडिओत होतं म्हणून एसएसडी आधी फॉरमॅट केली आणि रात्री अकरा वाजता पेनड्राइव्हवरून क्लोनिंगचा प्रोग्रॅम लावला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

प्रोग्रॅम विचारतो, कुठून कुठे? यादीत दोन डिस्क, दोन्हींपुढे ४६५ जीबी. (५०० जीबीची डिस्क कॉम्प्युटर ४६५च दाखवतो.) याने उलटं निवडलं. लाल अक्षरांत सूचना आली, तिला सगळे देतात तसा 'येस' दिला. पंधरा सेकंदांत 'सक्सेसफुल'. याला वाटलं, बघा, एसएसडी किती फास्ट असते! रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवायला पंधरा सेकंद पुरतातच.

सकाळी वडील बरोबर आले होते. सोसायटीचे आठ वर्षांचे हिशेब त्यांनी त्यावर टाइप केलेले, शिवाय मोठ्या मुलीच्या लग्नाचे फोटो. ते मुलाला काही बोलले नाहीत, आणि त्यानेच दुकानातली हवा जास्त जड झाली. पोराने एक गोष्ट बरी केली होती: घाबरून मशीन बंद केलं आणि पुन्हा चालू केलं नाही. डिस्कवरचा आराखडा तेवढा पुसला गेला होता, तबकडीवरचा माल बराचसा जागेवर होता. दोन रात्री रिकव्हरी चालली. फोटो आले, पण नावं-फोल्डर सगळं गेलेलं. प्रत्येक फाइलचं नाव एफ आणि पुढे नुसते आकडे. लग्न, बारसं आणि व्हॉट्सॲपवरची सुप्रभातची फुलं एकाच ढिगात. हिशेबाच्या एकाच फाइलच्या अकरा प्रती निघाल्या, त्यातली शेवटची कुठली ते काकांनी माझ्या दुकानात बसून शोधलं.

पुसली गेलेली डिस्क एसएसडी असती तर माझ्याही हातात बहुधा काही राहिलं नसतं. फाइल गेली की विंडोज ट्रिम कमांडने एसएसडीला तसं कळवतं आणि ती जागा आतल्या आत साफ होते. हार्ड डिस्क गबाळी असते म्हणून वाचवता येते.

माझी पद्धत कुणाला बावळट वाटेल. दोन्ही डिस्कवर मास्किंग टेप लावतो, मार्करने 'जुनी' आणि 'नवी' लिहितो, खाली सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे. स्क्रीनवर ते चार आकडे जुळले तरच पुढे. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा नवी डिस्क वेगळ्या मापाचीच घ्यायला सांगतो. त्याआधी महत्त्वाचे फोल्डर तिसऱ्याच जागी उतरवून घेतो. काम झाल्यावर जुनी डिस्क काढून फक्त नवीवर मशीन चालू करतो, आणि जुनी महिनाभर कपाटात. खरं तर क्लोनिंग मी टाळतोच, विंडोज कोरं टाकतो. दोन तास जास्त जातात, पण दहा वर्षांचा कचरा नव्या घरात येत नाही.

बाकीच्या चिल्लर चुका

फोटो-व्हिडिओ साठवायला मुद्दाम ७२०० आरपीएम घेऊ नका. ५४०० थंड राहते, आवाज कमी करते. वर सांगितलेले उरलेले पैसे इथे घाला: यूएसबीची साधी डिस्क घ्या, रविवारी कॉपी काढा, केबल काढून कपाटात ठेवा. जोडूनच ठेवलेली डिस्क लाइटच्या एका झटक्यात मशीनबरोबर जाते.

ती जोडतानाही काळ्या यूएसबी २ पोर्टला लावून "स्लो आहे" म्हणू नका. तिथे सेकंदाला ३५-४० एमबीच मिळतात. निळा पोर्ट शोधा.

एसएसडी काठोकाठ भरू नका. पाचवा हिस्सा मोकळा ठेवा, स्वस्तातली असेल तर जरूरच.

एसएसडी डीफ्रॅग करणारं (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारं) कसलंही फुकट सॉफ्टवेअर नको.

हजार रुपयांत २ टीबीची एसएसडी मिळत नाही. मी अशी उघडून बघितलीय, आत मेमरी कार्ड चिकटवलेलं होतं.

डिस्क मधेच गायब होते म्हणून नवी घेण्याआधी साटा केबल बदला. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रॅममध्ये सी७ च्या ओळीतला आकडा वाढत असेल तर बहुधा केबलच. ०५ किंवा सी५ वाढत असेल तर डिस्कच खराब होतेय, त्याच दिवशी कॉपी काढा, उद्यावर ढकलू नका.

एनव्हीएमईच्या हीटसिंकखालच्या (उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्टीखालच्या) पॅडवरचा पारदर्शक कागद काढून मग बसवा. हसू नका, या वर्षात चार निघाले.

आणि एम.२ चा तो इवलासा स्क्रू हरवला म्हणून डिस्क सेलोटेपने चिकटवू नका. दुकानात या. जुन्या डिस्कचं चुंबक आहे माझ्या टेबलावर, त्याला मूठभर चिकटलेले असतात. पैसे घेत नाही त्याचे.