पेपरातल्या फोटोंवर मिक्स मीडिया करायचंय? माझा अनुभव

मिक्स मीडिया (एकाच चित्रात कात्रणं, रंग, कोळसा असं वेगवेगळं सामान वापरणं) कुठून सुरू करू असं बरीच पोरं विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी राहतो कोपरखैरण्याला, पेपरातले फोटो, जाहिराती, टीव्हीचे स्क्रीनशॉट घेऊन काम करतो, वर अ‍ॅक्रिलिक, कोळसा, कधी गोणपाट. विषय बहुतेक वेळा माथाडी कामगार, म्हणजे गोण्या वाहणारे हमाल, आमच्या गल्लीत घरटी एक माणूस तरी एपीएमसीत (वाशीच्या घाऊक बाजारात) जातो, दुसरा विषय शोधायला कुठे जाऊ.

कात्री नंतर, आधी फोटो बघायला शिका. कांद्याचे भाव चढले की पेपरात जो फोटो येतो तो आठवा, गोण्यांची थप्पी, ५० किलोची गोणी घेऊन वाकलेला माणूस, तोंड धड दिसत नाही आणि खाली ओळ काय तर भाव कडाडले, गृहिणी हैराण. म्हणजे माणूस फोटोत आहे पण बातमीत नाही. अण्णासाहेब पाटलांनी याच माणसांना एकत्र आणलं, १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यातलं काहीच त्या फोटोत येत नाही आणि माझं काम तिथूनच सुरू होतं. असे फोटो वर्षभर साठवा, मागे तारीख आणि पेपरचं नाव लिहा, मग सगळे शेजारी शेजारी मांडा, फोटोग्राफर बदलतो पण अँगल तोच. नुसतं कात्रण चिकटवून वर लाल रंग फासला की सामाजिक कला होत नाही, असलं काम प्रदर्शनांत ढिगाने दिसतं, मला तरी ते आळशी वाटतं. जर्मन कलाकार हाना होखची फोटोमाँटाज बघा, पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये ती छापील फोटोंतले पुढारी नी मशीनं कापून जोडायची, नेमकं कुठे कापलंय ते बघा. जवळचं नाव म्हणाल तर सुधीर पटवर्धन, ठाण्यात रेडिओलॉजिस्टची प्रॅक्टिस करत चित्रं काढली, कोलाजवाले नाहीत पण कष्टकरी माणसाकडे बघावं कसं हे त्यांच्या चित्रांत कळतं.

आता सामान. पेपरचा कागद थेट कॅनव्हासवर लावू नका, त्यात लिग्निन (लाकडातला एक घटक) असतं, उजेडाने पिवळा पडतो नि ठिसूळ होतो (तसाच हवा असेल तर ठीक, पण घेणाऱ्याला आधी सांगा). मी कात्रण स्कॅन करून झेरॉक्सवाल्याकडून लेझर प्रिंट काढतो, लेझरच हवी, इंकजेटची शाई पाण्याने पसरते. मिरर करून काढा नाहीतर मथळा उलटा येईल. कॅनव्हासवर जेल मीडियमचा (अ‍ॅक्रिलिकबरोबर वापरायच्या घट्ट, पारदर्शक लेपाचा) थर द्यायचा, त्यावर प्रिंट पालथी दाबायची, रात्रभर सुकू द्यायची, मग पाण्याने भिजवून बोटाने कागद चोळून काढायचा, टोनर (लेझर प्रिंटची शाई) खाली राहतो. घाई केली की चित्रही निघून येतं. पावसाळ्यात इकडे एक रात्र पुरत नाही आणि भिंतीला टेकवलेल्या कामांना बुरशी धरते. थिनरने पण ट्रान्सफर होतं, पण वन आरकेमध्ये नको, वास डोक्यात जातो.

कॉपीराइटचं कोणी सांगत नाही. फोटोवर फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो, तुम्ही कापला-रंगवला म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही. विकायचं, छापायचं असेल तर परवानगी मागा किंवा सरळ स्वतः फोटो काढा, मी हल्ली तेच करतो, माणसाला विचारूनच. आणि लैंगिक अत्याचाराच्या बातमीतल्या पीडितेची ओळख पटेल असं काहीही कामात आणायचं नाही, तो गुन्हा आहे.

शिक्षणाचं थोडक्यात, बीएफए (कलेची पदवी) ४ वर्षांचं, त्याला सीईटी द्यावी लागते. मुंबईचं जेजे कला महाविद्यालय मिळालं तर उत्तमच, नाही मिळालं तर रडत बसू नका, ड्रॉइंग मात्र रोज करा. पैसा सुरुवातीला यातून येत नाही, माझं घर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या (शाळेतल्या पोरांच्या चित्रकलेच्या परीक्षांच्या) क्लासवर चालतं नि त्यात लाजण्यासारखं काय आहे. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन भरवायची स्वप्नं बघा पण तिथल्या तारखेसाठी फार थांबावं लागतं, तोवर राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात काम पाठवत राहा, ठाण्याचं कापूरबावडीचं कलाभवनही बघून या. गॅलरीवाल्याने हो म्हटलं की कमिशन किती, फ्रेमिंगचा आणि टेम्पोचा खर्च कोणाचा, न विकलेली कामं परत कधी मिळणार हे सगळं आधी लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना.