सागरी साहसकथेचा दुसरा भाग लिहायला बसताना

पहिला भाग संपला तेव्हा तुमची नायिका जिवंत होती, नकाशा तिच्या हाती आला होता आणि खलनायक बुडाला होता. आता वाचक पोरं पुढचा भाग मागतायत. अशा वेळी लेखकाचा हात हमखास मोठ्या वादळाकडे जातो. मागच्या वेळी एक होतं, आता दोन. मागे चाच्यांचं एक जहाज होतं, आता अख्खा ताफा. किशोरांसाठीची हस्तलिखितं तपासणं हे माझं काम आहे. ही वाढीव वादळं मी इतकी वाचलीयत, की खुर्चीत बसल्या बसल्या बोट लागते.

माझं मत विचाराल तर समुद्र होता तेवढाच ठेवा आणि पोराच्या खांद्यावरचा भार वाढवा. पहिल्या भागात ती चुकली तर तीच बुडणार होती. दुसऱ्यात ती चुकली तर दुसरे बुडतील, अशा जागी तिला नेऊन उभी करा.

‘इतक्या लहान पोराला जहाज कोण देईल?’ हा आक्षेप येतोच. 1813 साली डेव्हिड फॅरागट हा अमेरिकी नौदलातला जेमतेम बारा वर्षांचा मुलगा पकडलेलं जहाज बंदरात पोचवायला पाठवला गेला. त्या जहाजाचा मूळ कप्तान जहाजावरच होता आणि पोरसवदा अधिकाऱ्याचं ऐकायची त्याची तयारी नव्हती. तो पिस्तुलं आणायला खाली गेला. मुलाने शिडांबाबतचे हुकूम सोडले, खलाशांनी ते पाळले आणि कप्तानाला निरोप गेला, की पिस्तुलं घेऊन वर आलास तर समुद्रात फेकला जाशील. यात वादळ नाही, शार्क नाही. सगळा ताण एकाच प्रश्नात आहे: खलाशी कोणाचं ऐकणार? दुसऱ्या भागाला एवढं इंजिन पुरतं.

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी पहिला भाग पेन्सिल घेऊन वाचा. काय मोडलं, कोण जखमी झालं, कोणाला काय वचन दिलं गेलं, याची यादी करा. दुसऱ्या भागाचं कथानक नव्याने शोधण्यापेक्षा या यादीतून काढलेलं जास्त टिकतं.

जहाजालाही या यादीत धरा. माझ्या टेबलावर सध्या ‘पाकोळी’ नावाच्या जहाजाची गोष्ट आहे. पहिल्या भागात ती वाऱ्यासारखी पळायची. मधली दोन वर्षं तिने उष्ण समुद्रात काढली. लाकडी जहाजाच्या तळाला एवढ्या काळात शेवाळ आणि शिंपले चिकटतात, वेग पडतो आणि लाकूड पोखरणारे समुद्री जीव फळ्यांची चाळण करतात. तांब्याचे पत्रे ठोकून तळ वाचवण्याचा प्रयोग ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये ‘अलार्म’ जहाजावर केला. तुमची गोष्ट त्याआधीची असेल तर जहाज उथळ पाण्यात आणून, कुशीवर कलवून तळ खरवडावा लागेल. त्या दिवसांत जहाज पळू शकत नाही. शत्रू तेव्हाच आला तर? एक अख्खं प्रकरण हातात आलं की नाही!

जखमांचं तर विचारूच नका. ताजी फळं, भाज्या न मिळाल्यामुळे होणाऱ्या स्कर्व्हीत हिरड्या सुजतात हे बहुतेकांना माहीत असतं. पण या रोगात भरलेल्या जखमाही पुन्हा उघडतात. ब्रिटिश नौदल अधिकारी जॉर्ज ॲन्सनची सफर 1740 मध्ये निघाली. तिच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या सैनिकाची नोंद आहे: पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईतली त्याची जखम पुन्हा उघडी पडली. दुसऱ्या भागाच्या लेखकाला यापेक्षा चांगलं काय मिळणार? पहिल्या भागाच्या शेवटी नायिकेच्या दंडावर झालेला वार, जो वाचक विसरलेत, तो शेकडो मैल आत समुद्रात परत वाहू लागतो. मागची आठवण करून द्यायला वेगळं स्वगत लिहायची गरज उरत नाही.

तसंही मागची गोष्ट संवादात कोंबू नकाच. ‘तुला आठवतं ना, आपण त्या बेटावर...’ असं दोन मित्र एकमेकांना सांगत नाहीत; दोघांनाही ते आठवत असतं. पोर वाढलंय हेही अंगातून दाखवा. चौदाव्या वर्षी नायिका रेवा खालच्या मजल्यावरच्या तुळयांखालून धावत जायची. सोळाव्या वर्षी पहिल्याच धावेत तिचं कपाळ फुटतं.

आता थोडं गणित, कारण पोरं हिशेब तपासतात. पाच नॉटचा, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांचा वेग म्हणजे दिवसाला 120 सागरी मैल, साधारण 222 किलोमीटर. वारा समोरून असेल तर चौकोनी शिडांचं जहाज सरळ जाऊच शकत नाही. वाऱ्याशी साठ-पासष्ट अंशांचा कोन ठेवून नागमोडी जावं लागतं आणि अंतर दुपटीच्याही वर जातं. प्रवास रात्रीत उरकणारी प्रकरणं मी सरळ परत पाठवते.

पाठलागही असाच मोजून लिहा. तीस मीटर उंच डोलकाठीवरून क्षितिज सुमारे वीस किलोमीटरवर दिसतं, डेकवरून जेमतेम सात. वीस किलोमीटर मागे असलेलं जहाज तुमच्यापेक्षा दोन नॉटने वेगवान असेल, तर गाठायला त्याला पाच तासांहून जास्त वेळ लागतो. या पाच तासांत काय करायचं? पाण्याची पिंपं फेकायची का? तोफा फेकायच्या का? जेवायचं का? तलवारबाजीचं पान मुलं भरभर उलटतात, हे पाच तास मात्र अडकून वाचतात.

पहारे नीट समजून घ्या, त्यांतून नातीगोती आयती मिळतात. खलाशांचे दोन गट, पहारा चार तासांचा, दर अर्ध्या तासाला घंटा, आठ टोले पडले की बदली. संध्याकाळी चार ते आठ मात्र दोन-दोन तासांचे दोन छोटे पहारे असतात. त्यामुळे दिवसाचे पहारे सात होतात आणि मध्यरात्रीची जागरणं रोज एकाच गटाच्या वाट्याला येत नाहीत. पहिल्या भागातले जिवलग मित्र दुसऱ्यात वेगवेगळ्या गटांत टाका. एक उठतो तेव्हा दुसरा झोपायला जातो. गैरसमज वाढायला दुसरं काही लागत नाही.

खलनायक बुडाला असेल तर बुडू द्या. फळीला धरून तरंगत आलेला दुष्ट माणूस मला आजवर एकदाही पटलेला नाही. त्याचा मुलगा, त्याचा सावकार किंवा त्याच्या जहाजावरचा निरपराध आचारी जास्त उपयोगी पडतो, कारण त्याची बाजू खरी असू शकते. नायिकेला पहिल्यांदाच कळतं, की आपल्या विजयात कोणाचं तरी घर बसलं.

तिसरा भाग डोक्यात असला तरी हे जहाज कुठेतरी पोचलंच पाहिजे. सुरुवातीला ज्या कामासाठी नांगर उचलला ते काम झालं किंवा कायमचं फसलं, यातलं एक या पुस्तकात घडू द्या. मग हस्तलिखित पहिला भाग न वाचलेल्या तेरा वर्षांच्या वाचकाला द्या आणि जिथे जिथे तो ‘हा कोण?’ विचारेल तिथे समासात खूण करा. लागोपाठच्या पानांवर खुणा दिसल्या तर खुलासे वाढवू नका. तिथली पात्रं कमी करा.