दुधाला त्याचा प्रकार विचारू नका

मी दूध संकलन केंद्रांचं बिलिंग सॉफ्टवेअर लिहिते, जावामध्ये. सुरुवातीला दोनच प्रकार होते. स्विचमध्ये (प्रकार बघून त्याच्या 'केस'मधला कोड चालवणारी रचना) गाय आली की ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) धरून दर, म्हैस आली की ६.० आणि ९.०. पुढे एका केंद्राने शेळीचं दूध घ्यायला सुरुवात केली. दराच्या मेथडमध्ये मी एक केस वाढवली, पण तसाच स्विच आणखी चार ठिकाणी होता. कपातीच्या मेथडमध्ये तर डिफॉल्टखाली, म्हणजे कुठलीच केस जुळली नाही तर जे चालतं तिथे, चक्क गायच होती. त्या केंद्रात शेळीच्या दुधाला फॅटची कपात नव्हती, तरी दहा दिवसांच्या बिलात एका आजींचे पैसे कापले गेले. त्या पावती घेऊन केंद्रावर आल्या, तेव्हा आम्हाला कळलं. कंपायलर गप्प होता, कारण डिफॉल्टने त्याचं तोंड बंद केलं होतं.

तुमच्या कोडमध्ये असं असेल, तर आधी एनमच्या (प्रकारांची ठरलेली यादी) नावाने शोधा, मग 'इन्स्टन्सऑफ' (ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचा आहे ही तपासणी) हेही शोधा. स्विच एकाच जागी सापडला तर त्याला हात लावू नका. तोच तिसऱ्यांदा दिसला की कामाला लागा.

पण त्याआधी एका महिन्याच्या जुन्या नोंदी चालवून सगळ्या रकमा पैशापर्यंत एका फाइलमध्ये ठेवा. पुढच्या प्रत्येक बदलानंतर हीच फाइल ताडून बघायची. ही पायरी गाळू नका, लोकांचे पैसे आहेत.

आता 'दूध' नावाचा इंटरफेस (प्रत्येक क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या याचा करार) करा आणि त्यात पहिल्यांदा फक्त कपातीची मेथड घ्या. 'गायीचं दूध' हा क्लास करून गायीच्या केसमधला मजकूर जसाच्या तसा तिथे हलवा. केसमध्ये उरेल ती फक्त त्या मेथडची हाक. मग म्हैस, मग शेळी. सगळ्या केस अक्षरशः एकसारख्या दिसू लागल्या की स्विच काढून टाका. मगच दराकडे वळा. इंटरफेसमध्ये कपातीचं तयार उत्तर मात्र लिहू नका. नवा क्लास आला की कंपायलरने अडवून विचारलंच पाहिजे: याची कपात किती?

एक स्विच उरणारच: डेटाबेसमधल्या अक्षरावरून ऑब्जेक्ट बनतो तिथला. तो राहू द्या, पण अनोळखी अक्षर आलं तर त्याने एक्सेप्शन फेकावं, गाय समजू नये.

आणि सगळंच क्लासमध्ये कोंबू नका. पावतीवरचे रकाने, एसएमएसचा मजकूर हे दुधाचं काम नाही. प्रकार ठरलेले आणि त्यांच्यावरची कामं वाढत जाणारी असतील, तर जावा २१ मध्ये सील्ड इंटरफेसवर (ज्याचे क्लास आधीच ठरवून दिलेले असतात) डिफॉल्टशिवायचा स्विच लिहा; एखादा प्रकार राहिला तर कोड कंपाइलच होत नाही. पावतीच्या छपाईत मी तेच ठेवलं आहे.